कुंडलचं ऊन

माझ्या विहीणबाई, सुमतीबाई, गेल्या वर्षी गेल्या. त्यांच्या घरी कुणी भेटायला आलं की त्या देवमाणूस होत्या असं बोलणं होतं. मला तसं कधी वाटलं नाही. बाई हट्टी होत्या, नको तिथं नाक खुपसायच्या आणि त्यांच्याबरोबर परक्या मुलखात एका घरात राहणं सोपं नव्हतं. पण तशी दुसरी बाई मी पाहिली नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंत. कुठं चुकलं तर लेक बघून घेईल.

त्या कुंडलच्या. जैन, बागायतदार, हळदीचं आणि द्राक्षाचं रान. आम्ही माण तालुक्यातले, दहिवडीच्या बाजूचे धनगर. माझ्या सासऱ्यापर्यंत घरात मेंढरं होती. त्यांचा धाकटा भरतेश आणि माझी सारिका सांगलीला कॉलेजात एका वर्गात होते. पुढचं सांगायला नको. दोन्ही घरांत महिनाभर कुणी धड जेवलं नाही, आणि मग एके दिवशी त्या मंडळींना घेऊन आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बसल्या, पाणी नको म्हणाल्या आणि सगळ्यांदेखत मला विचारलं, "तुमच्यात काय काय खाता?"

मी म्हटलं, "मिळंल ते."

त्यांचे मालक खाली बघून खोकले. सुमतीबाई मात्र माझ्याकडं टक लावून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग पोरगी कुठं उपाशी ऱ्हायची न्हाई." लग्न तिथंच ठरलं. बाकीची बोलणी नुसती नावाला झाली.

त्यांच्या पिशवीत नेहमी एक पांढरं फडकं असायचं. कुठंही गेल्या तरी पाणी त्यातून गाळूनच प्यायच्या. कांदा, बटाटा, लसूण घ्यायच्या नाहीत. आणि त्यांच्या स्वतःच्या लग्नानंतर थोड्या वर्षांनी गावात जैन मुनी महाराज आले होते, तेव्हा त्यांनी नियम घेतला होता. दिवस मावळला की तोंडात काही घालायचं नाही, आणि सकाळी ऊन वर आल्याशिवायही नाही. पाणी तेवढं चालायचं. साखरेचा आजार लागला तरी नियम हलला नाही. संध्याकाळची गोळी, मग जेवण, आणि त्यानंतर सूर्य मावळायचा. कुंडलात हे इतकं ठरल्यासारखं चालायचं की सूर्यच त्यांच्या जेवणासाठी थांबतो असं वाटावं.

दुसरी खोड प्रश्नाची. समोर काही आलं की ते उलटंपालटं करायच्या आणि विचारायच्या, "हे कशाचं केलंय?" साबण, सुपारी, माझ्या चपला, देवळातला अंगारा. औषधाचं तर विचारूच नका. कॅप्सूलचं वरचं टरफल जनावराच्या हाडाकातड्याचं असतं हे त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हापासून त्या कॅप्सूल उघडायच्या, आतली पूड केळ्यात घालून खायच्या आणि टरफल चुलीत टाकायच्या. हे सांगलीच्या डॉक्टरला माहीत नव्हतं. मी म्हटलं, सांगा की त्याला. तर म्हणाल्या, "तो वरडंल. कशापायी त्याला तरास?"

सारिकाचे दिवस भरत आले तेव्हा ती दोघं स्कॉटलंडच्या उत्तरेला समुद्रावरच्या एका शहरात होती. भरतेश समुद्रातल्या तेलाच्या विहिरीवर कामाला. काही आठवडे पाण्यात, काही आठवडे घरी. पहिलं बाळंतपण माहेरच्यांनी करायचं, म्हणून मी जाणार. घर त्यांच्या लेकाचं, म्हणून त्या जाणार. कुणीच माघार घेईना, तेव्हा पोरांनी दोघींची तिकिटं काढली.

निघताना त्यांनी एक शहाणपणा केला. गोळ्यांच्या पाकिटांनी पिशवी फुगते म्हणून सगळ्या गोळ्या पाकिटातून सोडवल्या आणि लाडवाच्या स्टीलच्या डब्यात भरल्या. पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी, सगळ्या एकत्र. मी विचारलं, ओळखू येतात का? म्हणाल्या, "तुमाला तुमची मेंढरं वळखू येत न्हवती व्हय?"

तिकडच्या विमानतळावर तपासणीच्या साहेबानं तो डबा उघडला. डबा बघितला, आम्हाला बघितलं, परत डबा बघितला. पोरांनी विहीणबाईंसाठी चाकाची खुर्ची सांगून ठेवली होती, ती ढकलणारी बाई हिंदी बोलणारी होती, तिनं मधे पडून विचारलं की ह्या कसल्या गोळ्या, डॉक्टरची चिठ्ठी कुठाय, मूळची पाकिटं कुठायत. चिठ्ठी कुंडलात फडताळावर राहिली होती. सुमतीबाईंनी एकेक गोळी उचलून दाखवली. ही साखरेची सकाळची, ही संध्याकाळची, ही रक्तदाबाची, ही पित्ताची. साहेब ऐकत राहिला. शेवटी त्यानं बजावलं की औषध असं आणत जाऊ नका, कुणाला काही झालं तर दवाखान्यात कळणार कसं. आणि सोडलं. बाहेर आल्यावर विहीणबाई म्हणाल्या, माणूस भला होता, पण त्याच्या हातातले मोजे कशाचे होते ते विचारायचं राहिलं.

ते शहर सगळं करड्या दगडाचं. डिसेंबर महिना. सकाळी उठावं तर अंधार, स्वयंपाक होईस्तोवर अंधार, आणि दुपारचा चहा घ्यावा तर परत अंधार. सूर्य असा कडेकडेनं सरकायचा, डोक्यावर यायचाच नाही. तोही ढग नसतील त्या दिवशी. मला त्याचं काही नव्हतं. पण विहीणबाई खिडकीत उभ्या राहून विचारायच्या, "मावळला का न्हाई अजून?" सारिका फोनमध्ये बघून वेळ सांगायची. मग त्या दुपारी तीनच्या सुमाराला गोळी घ्यायच्या, रात्रीचं जेवण उरकायच्या आणि सकाळी नऊ वाजून गेले, ऊन वर आलं, की मग दूध प्यायच्या. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नाही. नियम पाळतायत, एवढंच दिसलं. घरात तान्हं बाळ होतं, बाळंतीण होती, आणि स्वयंपाकघरात मी आणि त्या. मी सारिकाला पायाचा रस्सा करायची तेव्हा त्या दार लावून समोरच्या खोलीत जपमाळ घेऊन बसायच्या. भांडल्या नाहीत कधी. फक्त एकदा म्हणाल्या, "तुमचं शिजून झालं की सांगा, म्हंजी मला श्वास घ्यायला बरं."

त्यांना खोकला झाला तेव्हा आम्ही कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेलो. तिथं आपल्यासारखं नसतं. अमुक गोळी द्या म्हटलं की मिळत नाही, बऱ्याच औषधांना डॉक्टरची चिठ्ठी लागते. पण दुकानदार स्वतः शिकलेला असतो आणि बारीकसारीक दुखण्याला तोच बघून देतो. हा एक उंच, लाल दाढीचा माणूस होता. त्यानं खोकल्याचं विचारलं, साखर आहे का विचारलं आणि कॅप्सूलचं खोकं पुढं केलं. विहीणबाई सारिकाला म्हणाल्या, "त्याला इचार, हे कशाचं केलंय?"

सारिका लाजली. दुकानात माणसं थांबली होती. तरी तिनं विचारलं. मला वाटलं, माणूस वैतागणार. तर त्यानं खोकं उलटं केलं, चष्मा लावून बारीक अक्षरं वाचली, आत गेला आणि कुणाला तरी फोन लावला. परत येऊन सांगितलं की टरफल जनावराचं आहे, कुठल्या जनावराचं ते कंपनीवाल्यालाही सांगता येईना. मग त्यानं बिनसाखरेचं पातळ औषध दिलं आणि त्यात काय काय आहे ते सगळं वाचून दाखवलं.

विहीणबाई त्या दिवशी खूश होत्या. घरी येईपर्यंत बोलत होत्या. इतकी वर्षं औषधं घेतेय पण विचारल्यावर आत जाऊन बघून आला असा हा पहिलाच, म्हणत होत्या. त्यानंतर काही ना काही निमित्त काढून त्या दुकानात जायच्या. कापूस कशाचा, पट्टीचा चिकटा कशाचा, गोळीवरचा रंग कशाचा. त्याला मराठी येत नव्हतं आणि ह्यांना इंग्रजी. वस्तू उचलायची आणि भुवया वर करायच्या. तो हसायचा आणि वाचायला लागायचा. सारिका म्हणायची, आत्याबाई, त्याला गिऱ्हाइकं आहेत. तर म्हणायच्या, "मी काय वाघ हाय? जरा थांबत्याल गिऱ्हाइकं."

मग ती सकाळ आली. भरतेश समुद्रात होता. बाहेर गडद अंधार. मी बाळाला शेकायला घेतलं होतं आणि विहीणबाई दुपट्यांच्या घड्या करत होत्या. एक दुपटं त्यांनी घडी केलं, उलगडलं, परत घडी केलं, परत उलगडलं. मी म्हटलं, किती वेळ त्याच एकाला धरून बसलाय. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि मला त्यांच्या मेलेल्या बहिणीच्या नावानं हाक मारली. कपाळावर घाम. त्या थंडीत लुगडं पाठीला चिकटलेलं. मग भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच.

सारिकानं फोन केला. दवाखान्याची गाडी लवकर आली. हिरव्या कपड्यातली एक दणकट बाई आणि एक बाप्या. बाईनं बोट टोचून रक्त बघितलं आणि साखर फार खाली गेलीय म्हणाली. काय काय औषधं घेतात विचारलं. आम्ही लाडवाचा डबा पुढं केला. ती बाई डब्याकडं बघत राहिली. एकाही गोळीचं नाव आम्हाला सांगता येईना. त्या दिवशी मला विमानतळावरचा साहेब पटला.

त्या बाईनं नळीतला गोड चिकट पदार्थ विहीणबाईंच्या ओठाला लावला, तर ह्यांनी दात आवळले. शुद्ध पुरती नाही, माणूस ओळखू येत नाही, पण बाहेर अंधार आहे एवढं मात्र ठाऊक. जबडा असा दाबला की त्या बाईला बोट घालता येईना. शेवटी तिनं मांडीत सुई दिली. सुईनं नियम मोडत नाही.

थोड्या वेळानं डोळ्यांत ओळख आली. आता खरी गाठ पडली. ती बाई सारिकाला सांगत होती की सुईनं फक्त थोडा वेळ मिळतो, आता हिनं पोटात काहीतरी गोड घेतलंच पाहिजे, नाहीतर परत घसरेल आणि दुसऱ्यांदा सुई लागू पडेलच असं नाही. सारिका रडायला लागली. आत्याबाई, घ्या ना, तुमच्या पाया पडते. विहीणबाई खिडकीकडं बघून म्हणाल्या, "उजाडू दे. घेती की मी. न्हाई कुठं म्हणलंय?"

उजाडायला तासभर होता.

मला राग आला. बाळंतीण ओली, लेकरू पाळण्यात, नवरा समुद्रात, आणि ही बाई सूर्याची वाट बघत मरायला बसलेली. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि म्हटलं, "विहीणबाई, नियम कुठं घेतला तुमी?"

"कुंडलात. बस्तीत, देवाम्होरं."

"मंग कुंडलात दुपार झालीया. ऊन कवाच आलंय."

त्यांनी खिडकीवरची नजर माझ्याकडं वळवली. मग हळू म्हणाल्या, "महावीरला फोन लाव."

महावीर त्यांचा थोरला, कुंडलात शेती बघतो. सारिकानं फोन लावला. तो पडद्यावर आला, घाबरला, काय झालं विचारायला लागला. विहीणबाई म्हणाल्या, "बोलू नगं. भाईर जा. अंगण दाव."

त्यानं अंगण दाखवलं. दोरीवर धुणं, गोठ्याचा पत्रा असा चमकत होता की फोनमधून डोळे दिपले. म्हैस उन्हात डोळे मिटून बसलेली.

"खाली धर. तुजी सावली दाव."

त्यानं फोन पायाशी नेला. काळीभोर सावली, चपलेला लागून. विहीणबाईंनी फोन जवळ घेऊन ती नीट बघितली, रुपया खरा का खोटा बघावा तशी. हिरव्या कपड्यातल्या बाईनं सारिकाला विचारलं, काय चाललंय. सारिकानं डोळे पुसत सांगितलं. तर तीही वाकून आमच्या खांद्यावरून ते ऊन बघायला लागली.

विहीणबाईंनी हात जोडले. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पाणी गाळलंय न्हवं?" मी त्यांच्याच फडक्यातून गाळलेल्या पाण्यात साखर ढवळून ठेवली होती. ती त्यांनी एका दमात संपवली. वर दूध आणि चपाती खाल्ली. महावीरनं तोवर फडताळावरची चिठ्ठी शोधून तिचा फोटो पाठवला आणि ती बाई संध्याकाळच्या गोळीचं नाव वाचून मान हलवायला लागली. गोळी साखर उतरवत राहते आणि पोट सगळी रात्र रिकामं, असं तिनं सारिकाला समजावलं.

मला वाटलं, झालं, सुटलो. कुंडलचा सूर्य धरायचा म्हणजे अडचण मिटली. पण मी विहीणबाईंना ओळखत नव्हते. दुपारचे बारा वाजून गेले तशा त्या ताटावरून उठल्या आणि म्हणाल्या, कुंडलात दिवस मावळायला आला, आता आज काही नाही. सकाळी तिथला सूर्य आणि संध्याकाळी इथला, ही लबाडी झाली. मी कपाळावर हात मारून घेतला. सारिकानं त्याच दिवशी डॉक्टरची वेळ मागून घेतली आणि तिथं नेईपर्यंत तासातासाला त्यांचं बोट टोचून बघत राहिली.

डॉक्टरीण लहानशी होती, कपाळावर केस आलेली. तिनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही. कागदावर एक रेघ ओढली, तिच्यावर त्यांची जेवणं मांडली आणि मधली मोकळी जागा त्यांना बोटानं दाखवली. कुंडलात ही एवढीशी, इथं ही एवढी मोठी. विहीणबाई पुढं झुकून बघत होत्या. मग डॉक्टरणीनंच विचारलं की उन्हाळ्यात इथं सूर्य रात्री दहापर्यंत मावळत नाही, तेव्हा तुम्ही आलात तर काय करणार? विहीणबाई म्हणाल्या, "आठला निजीन. जेवायला सवड हाय म्हणून जागत बसायला मी काय भूत हाय?"

तिनं संध्याकाळची गोळी बंद केली आणि दुसरी दिली, उपाशी पोटीही साखर फार खाली न नेणारी. थोडे आठवडे साखर जरा चढी राहिली तर चालेल, पण परत उतरता कामा नये, असं बजावलं. आणि ही गोळी तिच्या पाकिटातून काढायची नाही, असं दोनदा सांगितलं. विहीणबाईंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवसापासून त्या त्या करड्या शहराच्या सूर्यावर परत आल्या.

त्या एका सकाळचं मात्र त्यांच्या मनातून जाईना. महावीरला त्यांनी महाराजांकडं धाडलं. महाराजांनी निरोप दिला की आजारात तेवढी सूट असते, शंभर जप करा म्हणजे झालं. ह्यांना ते स्वस्त वाटलं. जप तर केलाच, वर एक वर्ष आंबा सोडला. मी म्हटलं, थंडीत आंबा सोडणारी तुम्हीच पहिली. त्या म्हणाल्या, "मे महिन्यात या घरी. मंग बोला."

मी मे महिन्यात गेले नाही. पण महावीरची बायको सांगत होती की पेट्याच्या पेट्या आल्या, माडीवर वास कोंडला, आणि त्या सगळ्यांना कापून देत बसायच्या.

कुंडलच्या उन्हाची आठवण मी करून दिली ते बरोबर की चूक, मला अजून कळलेलं नाही. महाराजांनी सूट असते म्हटलं, तेव्हा ऊन नसतं दाखवलं तरी चाललं असतं, असं सारिका म्हणते. पण तोंड कुणाच्या सांगण्यानं उघडलं असतं? महाराजांचा निरोप यायला चार दिवस लागले. मी एकदा त्यांनाच विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "तुमच्या बोलण्यावर न्हाई घेतलं मी. सावली बघून घेतलं." म्हणजे आभारही नाहीत.

जानेवारीच्या अखेरीला आम्ही परत निघालो. विमान मुंबईला दुपारी उतरलं. मला न्यायला भाचा आला होता, दहिवडीची गाडी लवकर सुटणार होती. महावीर कुंडलहून निघाला होता, पण घाटात कुठंतरी गाड्या अडकल्या, तो पोचेना. विहीणबाई विमानतळाच्या बाहेर सामानाच्या ढकलगाडीवर बसून राहिल्या. मी त्यांना सोडून जाईना, त्या मला जा म्हणत राहिल्या.

तेवढ्यात त्यांनी मान वर करून बघितलं. समोरच्या इमारतीच्या कडेला सूर्य टेकला होता. लाल, अख्खा, आम्ही दोन महिन्यांत कधी असा बघितला नव्हता. तिथं कुणाला फोनमध्ये वेळ विचारायची गरज नव्हती. त्यांनी पाकिटातून गोळी काढून घेतली, पिशवीतून जेवणाचा डबा काढला, मांडीवर ठेवला आणि जेवायला लागल्या. चपाती आणि चटणी. माणसं अंगावरून जात होती, टॅक्सीवाले ओरडत होते, एक पोलीस ढकलगाडी बाजूला घ्या म्हणाला. त्यांनी कुणाकडं बघितलं नाही. घास मोडायचा, सूर्याकडं बघायचं, घास तोंडात. त्यांची आणि त्याची जणू शर्यत लागली होती.

महावीर दिसला, तेव्हा भाचा माझी पिशवी उचलून चालायला लागला. मी म्हटलं, "येते, विहीणबाई." त्यांच्या तोंडात घास होता. तो संपेपर्यंत बोलायला वेळ नव्हता. त्यांनी डावा हात वर केला आणि जा, जा असा हलवला. वळणावरून मी मागं बघितलं तर अजून जेवत होत्या, आणि इमारतीच्या वर थोडा सूर्य अजून शिल्लक होता.